अनंतादादाची सोडलेली अक्षरं

शहापुरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक गाळा आहे. आता तो बंद असतो. अनंता विशे त्यात होता तोवर तिथे एक संगणक, पुठ्ठा कापायचं एक छोटं मशीन आणि भिंतीला टेकवलेले पुठ्ठ्याचे ताव होते. गाळ्यावर पाटी मात्र कधीच नव्हती. नवा कुरिअरवाला रस्त्यात उभा राहून फोन लावायचा आणि वरच्या गॅलरीतून अनंताच्या घरच्या कुंदावहिनी ओरडायच्या, "तेच, तेच! पाटी नाय तेच दुकान!"

दुकानाचा मालक पाट्यांचाच धंदा करायचा, म्हणून हे लिहून ठेवतोय. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत दर दुसऱ्या मांडवावर अनंतादादाचं अक्षर असतं असं लोक म्हणतात. मी मोजलेलं नाही, त्यामुळे तसं म्हणणार नाही. पण आसनगावच्या स्टेशनापासून घरी येताना लग्नसराईत त्याच्या अक्षराशिवाय मी आलोय, असा दिवस मला आठवत नाही. त्याच्या स्वतःच्या गाळ्यासाठी त्यानं पाट्या केल्या, एकेक दिवस लावल्या आणि काढल्या. "'अ'चा पाय जड झालाय," म्हणायचा. दुसऱ्या वेळी मला तो हलका दिसला, तर म्हणाला, "आता उडालाय." शेवटी वहिनींनी पाटीचा विषय सोडला.

मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. कल्याणच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब बघतो, म्हणून तो मला ऑडिटर म्हणायचा. वयानं तो मोठा, म्हणून मी दादा म्हणायचो. बाकी आमच्यात सारखं काही नव्हतं. मी एका जागी बसून काम करणारा माणूस. दादा बसायचाच नाही. चहा उभ्यानं घ्यायचा, तोही पूर्ण नाही. आमच्या घरी पूजेला आला तर पाटावर टेकायचा आणि प्रसादाच्या पुड्यावरचं मिठाईवाल्याचं नाव वाचून उठायचा. रिक्षात माझ्या शेजारी बसलेला माणूस मध्येच "थांब रे, थांब," म्हणून उतरायचा आणि एखाद्या दवाखान्याच्या बोर्डासमोर जाऊन उभा राहायचा. रिक्षावाला मला विचारायचा, "काका, बरे नायत का ते?"

दादाचं गाव धसईजवळचं. सुरुवात त्यानं थर्माकोलवर केली. तेव्हा आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात स्टेजच्या मागच्या पडद्यावर नवरा-नवरीची नावं थर्माकोलमध्ये कापून लावलेली असायची. तापलेल्या तारेनं ती कापायची. हे काम करताना त्याला एक गोष्ट कळली आणि ती तो आयुष्यभर सांगत राहिला. आपल्या अक्षरांना वर रेघ असते, त्यामुळे सगळं नाव त्या रेघेला लटकून एकसंध राहतं. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. फक्त अनुस्वाराचं टिंब सुटं पडतं. सुट्या टिंबाला मागून टाचणी मारायची आणि देवावर भरवसा ठेवायचा, ही तेव्हाची पद्धत होती.

एका लग्नात ते टिंब ऐन मंगलाष्टकांत सुटलं आणि नवऱ्याच्या फेट्यात जाऊन बसलं. करवल्या हसल्या, भटजी थांबले, नवऱ्याच्या मामानं दादाला मांडवातच विचारलं, "तुजी आक्षरं काय आक्षता हायत का रं?" त्या दिवसापासून दादाच्या प्रत्येक टिंबाला एक बारीक देठ आला. वरच्या रेघेतून फुटलेला, टोकाला टिंब धरलेला. करवंद जसं जाळीला धरून असतं तसं. थर्माकोलवर बंदी आल्यावर तो संगणकाकडे वळला तेव्हा हा देठ त्याच्यासोबत संगणकात गेला. त्याच्या पहिल्या फॉन्टचं नावही त्यानं 'करवंद' ठेवलं. फॉन्ट म्हणजे अक्षरांचा एका घडणीतला पुरा संच. तो संगणकात घातला की कुणीही आपलं नाव त्या वळणात टाइप करावं, छापावं, मशीनवर कापावं.

हे फॉन्ट तो फुकट द्यायचा. त्यासाठी त्याचा एक शब्द होता, 'सोडणं'. "ऑडिटर, आज नाचणी सोडली," असं तो जिन्यात सांगायचा. तळ्यात मासळीचं बी सोडावं तसं. नाचणीच्या कणसासारखी वाकलेली अक्षरं, शेवरीच्या फुलांची किनार, हळदीच्या पानांची वेल, पुठ्ठ्यात कापायचे तोरणाचे नमुने, सगळं त्यानं सोडलं. घर चाललं ते कापून दिलेल्या पाट्यांवर. फुकट का, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "मी कुणाच्या मांडवात उभं राहून शिकलो तेव्हा कुणी पडदा पाडला काय माज्यासमोर?" प्रत्येक फाइलीसोबत तो एकच ओळ लिहायचा: वापरा, वाटा, फोटो पाठवा.

फोटो यायचे आणि त्याची झोप उडायची. लोक त्याच्या अक्षरांना ताणायचे, चेपायचे, भगव्यावर लाल रंगात बुडवायचे. तो ते फोटो मला दाखवायचा आणि मारकुट्या सासरी लेक दिल्यासारखा चेहरा करायचा. पण फोन करून भांडायचा नाही. त्या चुकीला वाव राहणार नाही अशी अक्षरं पुन्हा करत बसायचा. त्यामुळे त्याचा कुठलाच फॉन्ट पुरा झाला नाही. 'करवंद'ला नवी आवृत्ती आली, मग तिच्यावर आणखी एक. वहिनी म्हणायच्या, "लोकांची पोरं मोठी होतात. आमची दरसाल रांगतात."

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर एकदा श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लागला. कुणी वजनदार गृहस्थ वारले होते. फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि ते दादानं लग्नातल्या हळदीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये. प्रत्येक अक्षराला कोवळी पानं फुटलेली, 'श्र'च्या पोटात कलश, शेवटी एक मोर. त्या दिवशी मी त्याच्या मोटारसायकलवर मागे होतो. त्यानं गाडी अशी थांबवली की मी त्याच्या पाठीवर आदळलो.

"बघ रे," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला हळद लावली मी."

"तू नाही लावलीस. फ्लेक्सवाल्यानं लावली."

"त्याच्याकडं दुसरं काय हाय? मी त्याला नाचायचंच आक्षर दिलंय. रडायचं कुठं दिलंय?"

तो फ्लेक्सवाल्याला एक शब्द बोलला नाही. आठवडाभर गाळ्यात कोंडून घेतलं आणि एक उघडंबोडकं, सरळ, शांत अक्षर केलं. त्याचं नाव तो 'सुतक' ठेवणार होता. वहिनी भडकल्या. "माज्या घरात बसून असली नावं काढायची नाय!" मग त्याचं नाव 'सावली' झालं. ते आजही दोन्ही तालुक्यांत दुःखाच्या प्रसंगी वापरलं जातं. आणि बँकेच्या वसुलीच्या नोटिसांवरही, पण ते त्याला आम्ही सांगितलं नाही.

चिमाबायकडे तो पोचला ते एका हळदीचा बोर्ड द्यायला गेला म्हणून. दादाच्या गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याला एक ठाकूरवाडी आहे. तिथल्या लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठानं चौक काढतात. गेरूनं सारवलेली भिंत, पाण्यात कालवलेलं पीठ आणि ठेचून मऊ केलेली एक काडी. चिमाबाय त्या वाडीतली चौक काढणारी. दादानं बोर्ड नवऱ्याच्या बापाच्या हातात कोंबला आणि भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. चिमाबाय ठेंगणी, वाळकी, तोंडानं तिखट. तो बराच वेळ हलेना तेव्हा म्हणाली, "तुला बायकूनं घरातनं काढलंय का रं?"

त्यानंतर तो पुन्हा पुन्हा जायचा. दोनदा मी सोबत होतो. ती सांगायची, तो कागदावर उतरवायचा. बाहेरची किनार, मग कोपरे, मग आत आत येणाऱ्या पट्ट्या. आणि अगदी मध्ये एक मोकळी चौकट. तिला ती 'मधलं घर' म्हणायची. तिथे देव बसतो. ते घर देवाच्या आकारानं सगळ्यात शेवटी भरायचं, लग्नाच्या दिवशी, घरचे सगळे जमले की. ते भरल्याशिवाय वाडीत लग्न लागत नाही.

"मधलं पण उतरवू का?" दादानं विचारलं होतं. मी तिथे होतो, म्हणून हे खात्रीनं लिहितो.

"उतरव की. चौक काय माज्या बापाचा हाय?"

"मी लोकांना देणार हाय गो. फुकट."

"मंग फुकटच दे. चौक कुणी इकत नाय."

तिच्या डोळ्यांसमोर भिंती होत्या. ज्यांच्याकडे चौक काढणारी उरली नाही अशांच्या घरच्या भिंती. दादाच्याही डोळ्यांसमोर त्याच होत्या. त्यानं त्या चौकाचा फॉन्ट केला. त्यात अक्षरं नव्हती, अक्षरांच्या जागी चौकाचे तुकडे होते. 'क' टाइप केलं की कोपरा, 'ख' केलं की किनार, 'ग' केलं की पट्टी. तुकडे जुळवले की चौक उभा. मधलं घर त्यानं 'ज्ञ'वर ठेवलं, कारण मुळाक्षरांत 'ज्ञ' शेवटी येतं. चिमाबाय शेवटी काढते, तर आपणही शेवटी ठेवू, हा त्याचा विचार. त्यानं मला तो मोठ्या समाधानानं सांगितला आणि मलाही तो बरोबर वाटला. शेवटी काढणं वेगळं आणि शेवटच्या कळीवर ठेवणं वेगळं, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. कळ शेवटची असली तरी कुणी ती पहिली दाबू शकतो.

चौक सोडला आणि तो सुटलाच. त्याच्या आधीच्या कशाला असा वेग नव्हता. पत्रिका, कापडी पिशव्या, कुठल्या तरी हॉटेलाची भिंत. तो छापलेले नमुने घेऊन चिमाबायकडे गेला. तिनं डोळ्यांजवळ धरून पाहिले. "बरं हाय. जेवलास का?" एवढंच म्हणाली. पण नमुने तिनं आतल्या कोनाड्यात जपून ठेवले होते, ते तिच्या नातीनं, सुगंधानं, मला दाखवले.

त्याच सुगंधाचं लग्न ठरलं. आम्हा दोघांना बोलावणं आलं. हळदीच्या दिवशी ऊन कलताना वाडीत पोचलो. मांडवात पंगत बसली होती. मांडववाला मुरबाडचा, भांडी-कुंडी, ताटं-वाट्या सगळं त्याचंच. ताटं कागदाची, लालसर, काठाला पांढरी नक्षी. आम्ही बसलो. भात, वरण, वालाची भाजी. दादा चार घास जेवला असेल. मग त्याचा हात थांबला. भात सरला होता तिथे, वरणाच्या ओघळाखाली, ताटाच्या बरोबर मध्ये, मधलं घर दिसत होतं.

त्यानं भात ओढून ते झाकलं. इकडेतिकडे पाहिलं. पंगतीत सगळ्यांची ताटं मोकळी होत आली होती आणि एकेका ताटातून ते वर येत होतं. तो उष्ट्या हातानं उठला आणि मांडववाल्याकडे गेला.

"ही ताटं कुठनं आणलीस?"

"भिवंडीकडनं. का दादा? तुमचीच डिझाइन हाय ना ती, फुकटवाली? लय चालते. मी मुद्दाम आणली. म्हटलं वाडीत लगीन हाय, वाडीचीच नक्षी पायजे."

मांडववाला खरंच आदरानं बोलत होता.

मांडवामागे उष्ट्या ताटांचा ढीग होता. कुत्री चाटत होती. चिमाबाय तिथे उभी होती. तिच्या हातात एक ताट होतं आणि ती ते पदरानं पुसत होती. दादा तिच्याजवळ गेला. तिनं ताट त्याला दाखवलं, खाली ठेवलं, दुसरं उचललं. मग तोही बसला आणि ताटं गोळा करू लागला. मी कुत्री हाकलली. पाण्याच्या पिंपाशी नेऊन तो एकेक ताट धूत होता. कागदच तो, हातात लगदा व्हायचा. "रं, किती धुशील?" चिमाबाय म्हणाली. "ही वाडीतली झाली. बाकीची?" तरी तो धूतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर चौक तयार होता, मधलं घर मोकळं. वऱ्हाड येऊन बसलं होतं. बायका चिमाबायला बोलवायला गेल्या तर ती ओट्यावरून उठेना. सुगंधाचा बाप, म्हणजे चिमाबायचा मुलगा, हात जोडून उभा.

"आये, चल की गो. मुहूर्त जातोय."

"काय काढू? मधलं माज्यापाशी नाय आता. कालच्याला तुमी खाल्लंत. तुमच्या ताटात व्हतं."

"आमाला काय ठावं, आये?"

"मना तरी कुठं ठावं व्हतं?"

सुगंधा हळदीच्या अंगानं दारात येऊन उभी होती. ती रडत नव्हती, भिंतीच्या त्या मोकळ्या चौकटीकडे बघत होती. दादा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. मग तो पुढे झाला आणि चिमाबायच्या पायांशी जमिनीवर बसला. त्याला असं पूर्ण बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"बाय, चूक माजी. पोरीची नाय."

ती मुलाला म्हणाली, "एक लुगडं आण. आन सगळ्यांचे मोबाइल मांडवात ठेव. बाप्ये भायेर."

दोन बायकांनी भिंतीसमोर लुगडं आडवं धरलं. ती मागे गेली. तिनं काय काढलं ते मला ठाऊक नाही. जुनं काढलं नाही एवढं कळलं, कारण नंतर बायका कुजबुजत होत्या की हे घर नवंच आहे, असं कधी पाहिलं नव्हतं. नवरा-नवरीनं लुगड्यामागे जाऊन नमस्कार केला आणि लग्न लागलं. तेवढा वेळ दादा घराबाहेर, भिंतीकडे पाठ करून उभा होता. आत एक नवा आकार जन्माला येत होता आणि मधे फक्त एक लुगडं होतं. त्यानं मान वळवली नाही. वऱ्हाड जायच्या आधीच तिनं मधलं घर ओल्या हातानं पुसून टाकलं होतं.

त्यानंतर तो मुळीच स्वस्थ राहिला नाही. घरी येऊन पहिल्यांदा त्यानं 'ज्ञ'वरून मधलं घर काढलं, तिथे कुड्याचं फूल ठेवलं आणि नवी आवृत्ती सोडली. छापखान्यांचे फोन आले, "दादा, फॉन्ट बिघडला. देवाच्या जागी फूल येतंय." "बिघडला नाय, सुधारला," तो म्हणायचा. पण जुनी आवृत्ती ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे ती होतीच. मग त्यानं ताटांसाठी वेगळ्या नक्ष्या केल्या, पानांच्या, खेकड्यांच्या, भाताच्या लोंब्यांच्या. आधीच्याहून चांगल्या. त्या घेऊन तो भिवंडीकडच्या ताटं बनवणाऱ्यांकडे जायचा आणि फुकट घ्या म्हणून गळ घालायचा. काहींनी घेतल्या. काहींना वाटलं, फुकट देतोय म्हणजे काहीतरी भानगड आहे.

धसईच्या बाजारात, आटगावात, कुठेही कागदी ताटांचं दुकान दिसलं की तो आत शिरायचा, गठ्ठे उलटून बघायचा. जुन्या नक्षीचा गठ्ठा मिळाला तर विकत घ्यायचा. गाळ्यात पुठ्ठ्याच्या तावांमागे ताटांची चळत उभी राहिली. "माणसं सोनं साठवतात," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात बारशाला शंभर माणूस जेवंल एवढी ताटं हायत, आन बारसं नाय."

मी त्याला माझ्या पद्धतीनं समजावलं. एकानं फाइल उतरवली, त्यानं दोघांना पाठवली, त्यांनी पुढे. यातून काही वजा होत नाही, नुसती बेरीज होत राहते. तू आयुष्यभर ताटं विकत घेतलीस तरी छापणारा उलट खूश होईल की माल खपतोय.

"ठाऊक हाय रे," तो म्हणाला. "तुजा हिशेब बरोबर हाय. पण मला बसवत नाय."

वाडीत जाणं त्यानं बंद केलं. बोलावलं नव्हतं आणि न बोलावता जाण्याचं तोंड उरलं नाही, असं म्हणायचा. अशी काही वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात सुगंधाचा फोन आला. तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. "आजी म्हणते, त्या आक्षरवाल्याला आण."

तो मला घेऊन गेला. रस्ताभर त्यानं मला विचारलं, "कशाला बोलावलं आसंल रे?" मी म्हटलं, जेवायला. तो म्हणाला, "ताटं कसली आसतील?" ताटं स्टीलची होती. सुगंधाच्या बापानं दादाला ती लांबूनच दाखवली.

चिमाबाय भिंतीशी बसली होती. आणखी वाळली होती. उजवा हात कापत होता. कोपरे दुसऱ्या बायकांनी काढले होते, तेही वयस्कर. वाडीतल्या तरण्या पोरी कुणी भिवंडीच्या गोदामात, कुणी नवऱ्यासोबत वीटभट्टीवर. सुगंधाला चौक कधी जमला नव्हता; तिच्या कडेवर तिची मुलगी होती, अजून नीट बोलत नव्हती.

लुगडं आडवं धरलं गेलं. सगळे बाप्ये बाहेर निघाले, दादा सर्वांत आधी. तेवढ्यात आतून हाक आली. "ए आक्षरवाल्या. तू ये."

बायकांत गलका झाला. "काढताना बाप्या माणूस आत? बाय, आसं कवा झालंय का?"

"बाप्या आसला तरी डोळं हायत ना त्याला? तुमच्यात कुणाला दिसतंय? चल रं."

तो आत गेला. मी ओट्यावर होतो. आतलं दिसत नव्हतं, पण तिचा आवाज येत होता. मी जे ऐकलं तेच लिहितो.

"बघ. हितनं सुरू. परत बघ. हात नको लावू, तू काढायचं नाय. नुसतं बघून ठेव."

मग ती म्हणाली, "देखलंस?"

"देखलं."

"कुणाला देशील?"

आणि तिनंच सांगितलं,

"सुगंधाच्या पोरीला. ती मोटी झाली आन तिनं इचारलं तर. दुसऱ्या कुणाला नाय."

"आन नाय इचारलं तर, बाय?"

"तर राहूं दे तुज्यापाशी."

लग्न लागलं. तो पंगतीला बसला, पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं. निघताना त्यानं मोटारसायकलची चावी माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत गाडी कधी त्यानं मला चालवू दिली नव्हती. मागे बसला, बोटं मांडीवर काहीतरी गिरवू लागली तसे त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. खड्डा आला की तो हलायचा, पण हात काढून मला धरत नव्हता. मुरबाड मागे पडलं. शहापूरचा रस्ता लागला.

"ऑडिटर, कायतरी बोल."

"काय बोलू?"

"काय पण. तुज्या ऑफिसातलं बोल. बोलत राहा."

मी बोलत राहिलो. कुठला ट्रक कुठे अडकला, कुणाचं टायर फाटलं, कुठल्या ड्रायव्हरनं डिझेलची पावती हरवली. एरवी माझ्या ऑफिसच्या गोष्टींना जांभई देणारा माणूस मागून विचारत होता, "मग? पुढं? पुढं काय झालं?" मी थांबलो की लगेच, "थांबू नको रे."

इमारतीशी आल्यावर मी गाडी लावली. गाळ्याचं शटर अर्धं उघडं होतं, आत संगणक चालू राहिला होता, त्याचा उजेड आतल्या पुठ्ठ्याच्या तावांवर पडला होता. वहिनींनी वरून विचारलं, "आलात? चहा टाकू?" तो गाळ्याकडे बघतही नव्हता. दोन्ही हात विरुद्ध बगलांत घट्ट धरून, त्या उन्हात, तो इमारतीवरून पुढे चालत गेला, बाजाराच्या दिशेनं नाही, मोकळ्या शेतांच्या दिशेनं. वहिनींनी मला विचारलं, "ह्यांना काय झालं?" मी गाळ्यात गेलो आणि त्याचा संगणक बंद केला. त्यानं तो पुन्हा चालू केला नाही.